स्वस्त मायक्रोकंट्रोलर घेताना दरासोबत पन्हाही पाहावा

कापड घ्यायला आलेला माणूस आधी मीटरचा दर विचारतो. पन्हा किती आहे, हे विचारणारे थोडे. पस्तीस इंची आणि अठ्ठावन्न इंची कापडाचा दर सारखा असला तरी माल सारखा नसतो, हे घरी शिंप्यासमोर गेल्यावर कळते. इलेक्ट्रॉनिक्सच्या छोट्या उद्योगात उतरू पाहणाऱ्या आपल्या होतकरू तरुणांचे सध्या असेच चालले आहे. अमुक चिप दहा सेंटला मिळते, तमुक बोर्ड चार डॉलरला मिळतो, एवढेच ते सांगतात. त्या चिपमध्ये प्रोग्राम घालण्याचे साधन कोणते, ते फुकट आहे की विकतचे, आणि बिघडल्यावर ती हिंगोलीत बदलता येईल की नाही, हा झाला पन्हा. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करू.

आधी मायक्रोकंट्रोलर म्हणजे काय ते पाहू. एकाच चिपमध्ये गणित करणारा भाग, प्रोग्राम साठवणारी जागा, चालू हिशेबाची छोटी पाटी आणि बाहेरच्या जगाशी जोडणारे पाय, एवढे सगळे असले की त्याला मायक्रोकंट्रोलर म्हणतात. आपल्या दुकानातील इलेक्ट्रॉनिक काट्यात, इन्व्हर्टरमध्ये, ई-रिक्षाच्या कंट्रोलरमध्ये आणि भरतकामाच्या संगणकीय मशीनमध्ये तो बसलेला असतो. आम्हा कापडवाल्यांना ही कल्पना परकी नाही. फ्रान्समधील जॅकार्डने १८०४ च्या सुमारास मागावर भोकांची कार्डे लावली. भोक असेल तर ताण्याचा धागा वर, नसेल तर खाली. आजच्या प्रोग्रामचे मूळ त्या कार्डात आहे. कार्ड ज्याच्या हाती, नक्षी त्याच्या हाती.

आणि कार्ड दुसऱ्याच्या हाती असले तर? भरतकामाच्या मशीनचा धंदा करणाऱ्या माझ्या ओळखीच्या एका कारागिराचा कंट्रोल बोर्ड ऐन लग्नसराईत बंद पडला. चिप बाजारात मिळण्यासारखी होती, पण तिच्यातला प्रोग्राम कुलूपबंद होता आणि तो फक्त विक्रेत्याकडेच होता. बोर्ड सुरतेला गेला आणि अठरा दिवसांनी परत आला. तेवढ्या दिवसांत दोन मोठी कामे हातची गेली. यात चिपच्या किमतीचा काही संबंध नव्हता. मालकी मशीनची होती, प्रोग्रामची नव्हती. आपल्याच मुलांनी छोटी यंत्रे बनवावीत असे मी म्हणतो, ते एवढ्यासाठी.

पूर्वी हे सोपे नव्हते. इंटेलची ८०५१ ही चिप १९८० ची. आपल्याकडील पॉलिटेक्निकमध्ये कित्येक वर्षे तीच शिकवली गेली. त्या काळी प्रोग्राम पुसायचा म्हणजे काचेची खिडकी असलेली चिप अतिनील दिव्याखाली पंधरा-वीस मिनिटे ठेवावी लागे. एक चूक झाली की पुन्हा तोच खटाटोप. १९९३ मध्ये मायक्रोचिप आणि अ‍ॅटमेल या कंपन्यांनी विजेनेच पुसता येणाऱ्या चिप आणल्या आणि हे काम काही सेकंदांवर आले. राहिला प्रश्न कंपायलरचा, म्हणजे आपण लिहिलेले शब्द चिपच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रामचा. चांगले कंपायलर महाग असत. कील कंपनीच्या ८०५१ साठीच्या चाचणी आवृत्तीत २ किलोबाइटपेक्षा मोठा प्रोग्राम होत नसे. मग पुष्कळ ठिकाणी चोरीच्या प्रती वापरल्या गेल्या. शिकताना कोणी हटकत नाही, पण त्याच साधनावर माल तयार करून पक्क्या बिलाने विकायचा म्हटले की पायाच कच्चा राहतो. चोरीच्या कात्रीने कापलेला सदरा विकण्यासारखेच ते.

आज ती सबब उरलेली नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेला जीसीसी हा कंपायलर फुकट आहे आणि त्याचा मूळ मजकूरही खुला आहे. ८०५१ साठी एसडीसीसी हा खुला कंपायलर आहे. सर्किटचा नकाशा काढण्यासाठी कायकॅड आहे. १९९२ मध्ये एका फ्रेंच प्राध्यापकांनी ते सुरू केले, आणि पुढे युरोपातील सर्न या प्रयोगशाळेनेही त्याला हातभार लावला. चिपमध्ये प्रोग्राम भरण्यासाठी एव्हीआरड्यूड आणि ओपनओसीडी आहेत. यांपैकी कशालाही वर्षाची फी नाही, आणि कंपनी बुडाली तरी साधन आपल्या संगणकावर राहते.

आता चिपकडे वळू. माझ्या मते आपल्या कारागिरांनी सुरुवात एव्हीआर घराण्यापासून करावी. १९९० च्या दशकात नॉर्वेतील दोन विद्यार्थ्यांच्या कल्पनेतून हे घराणे निघाले, अ‍ॅटमेलने ते बाजारात आणले, आणि २०१६ पासून ते मायक्रोचिपकडे आहे. २००५ मध्ये इटलीत सुरू झालेला आर्डुइनो याच चिपवर उभा राहिला. आर्डुइनो उनोवर असते ती एटमेगा ३२८पी. तिच्यात प्रोग्रामसाठी ३२ किलोबाइट, चालू हिशेबाला २ किलोबाइट आणि वीज गेली तरी टिकणारी १ किलोबाइट जागा आहे. आकडे लहान वाटतील, पण काम किती मोठे आहे ते आधी पाहावे.

उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले घेऊ. वसमत, कळमनुरीकडे हळद आहे, हळदीला पाणी लागते आणि पाण्याला थ्री फेज मोटार. एक फेज गेला आणि मोटार चालूच राहिली की वाइंडिंग जळते. विहिरीचे पाणी संपले तरी पंप कोरडा फिरत राहतो. रिवाइंडिंगच्या दुकानांची भरभराट यावरच आहे. त्या भावांची रोजी आपल्याला काढायची नाही, उलट हे संरक्षक यंत्र बनवायला सर्वांत लायक तेच आहेत. मोटार का जळते हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? मात्र ऑटोस्विच बनवून विकण्याच्या फंदात पडू नये. वीज येताच गावातल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू झाल्या की डीपीवर भार येतो. म्हणून महावितरण ऑटोस्विच काढा आणि कॅपॅसिटर बसवा असे पुन्हा पुन्हा सांगत असते. आपले यंत्र मोटार बंद करणारे असावे. सुरू करण्याचे काम शेतकऱ्याच्या बोटावर ठेवावे.

या यंत्राला पाय किती लागतील ते मोजू. तिन्ही फेजमध्ये वीज आहे का हे पाहायला तीन. तिन्ही तारांतला प्रवाह मोजायला तीन. कोणी म्हणेल, वीज पाहिली की पुरे, प्रवाह कशाला? फेज गेला तरी फिरती मोटार त्या तारेत स्वतःच थोडी वीज परत टाकते, त्यामुळे नुसता व्होल्टेज पाहणारे यंत्र फसते. प्रवाह मात्र फसवत नाही. पंप कोरडा चालला की प्रवाह उतरतो, तेही त्यातूनच कळते. सुरू आणि बंदच्या बटणांना दोन, रिलेला दोन, दिव्यांना तीन. एकूण तेरा. ३२८पी मध्ये क्रिस्टल आणि रीसेटचे पाय सोडून वीस उरतात, त्यांपैकी सहा प्रवाहासारखी कमीजास्त होणारी मापे घेऊ शकतात. म्हणजे जागा पुरून उरते.

वेगाचा हिशेबही करून टाकू. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे एक फेरा २० मिलिसेकंदांचा. १६ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या चिपला तेवढ्या वेळात ३ लाख २० हजार टिचक्या मिळतात. एवढ्यात तीन तारांची मापे घेऊन निर्णय करणे तिला मुळीच जड नाही. मग इथे २४० मेगाहर्ट्झची चिप कशासाठी? शेरवानीचे कापड गोधडीला लावू नये.

बाजारात मुलांचा ओढा मात्र ईएसपी-३२ कडे असतो. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी-८२६६ ही चिप २०१४ मध्ये गाजली आणि २०१६ मध्ये ईएसपी-३२ आली. त्यात वायफाय आहे, ब्लूटूथ आहे, आणि बोर्ड काही शे रुपयांत मिळतो. घरातले दिवे, दुकानाची पाटी, वाय-फाय असलेल्या गोदामाचे तापमान यासाठी ती उत्तम. तिची साधनेही खुली आहेत, वायफायचा काही भाग तेवढा बंद स्वरूपात येतो. पण ती ३.३ व्होल्टची आहे, ५ व्होल्ट थेट दिले की पाय जातो. वायफायने संदेश पाठवताना ती झटक्यात बराच प्रवाह ओढते, वीजपुरवठा लेचापेचा असला की स्वतःच पुन्हा सुरू होत राहते. आणि विहिरीवर वायफाय आहे कुठे? तिथे संदेश पाठवायचा तर सिमकार्डाचे मॉड्यूल लागते. बाजारातले स्वस्त मॉड्यूल, जसे सिम८००एल, फक्त २जी वर चालते. जिओचे २जी जाळे नाही, म्हणून त्यात जिओचे सिम चालत नाही. शिवाय ते मॉड्यूल क्षणभर २ अँपिअरपर्यंत ओढते. वायरलेसचा माल विकायचा तर दूरसंचार विभागाची ईटीए मान्यताही पाहावी लागते. मान्यता असलेले तयार मॉड्यूल घेतले तर हे काम पुष्कळ हलके होते.

रास्पबेरी पाय पिको जानेवारी २०२१ मध्ये ४ डॉलरला आली. शिकायला फार सोयीची. यूएसबीला जोडली की पेनड्राइव्हसारखी दिसते, प्रोग्रामची फाइल त्यात टाकली की झाले, वेगळा प्रोग्रामर लागत नाही. दोन गाभे, १३३ मेगाहर्ट्झ, २६४ किलोबाइट पाटी. मात्र हीसुद्धा ३.३ व्होल्टचीच. एसटीएम३२ घराणे मोठ्या कारखान्यांचे आवडते आहे, पण ‘ब्लू पिल’ नावाने मिळणाऱ्या स्वस्त बोर्डांवर नकली किंवा भलत्याच कंपनीची चिप निघण्याचे प्रकार भरपूर आहेत. २०२१ च्या जागतिक तुटवड्यात याच चिपचे भाव कित्येक पटींनी चढले होते. म्हणून प्रोग्राम सी भाषेत लिहावा आणि विशिष्ट चिपच्या पायांशी संबंधित भाग वेगळ्या फाइलीत ठेवावा. उद्या माल मिळाला नाही तर तेवढीच फाइल बदलून दुसरी चिप लावता येते.

आता त्या दहा सेंटच्या चिपकडे येऊ. चीनच्या डब्ल्यूसीएच कंपनीची सीएच३२व्ही००३ ही ३२ बिटची चिप २०२२ मध्ये आली. १६ किलोबाइट जागा, २ किलोबाइट पाटी, ४८ मेगाहर्ट्झ, आणि रिस्क-५ ही खुली आज्ञावली. ५ व्होल्टवरही चालते. तिच्यासाठी खुली साधने तयार झाली आहेत. वर मोजलेले तेरा पाय तिच्यातही बसतात. मग सुरुवात तिच्यापासूनच का करू नये? समजा एका चिपला २०० रुपये पडतात आणि दुसरीला २०. पंचवीस नग बनवले तर वाचले साडेचार हजार. तिचा खास प्रोग्रामर घ्या, बारीक पायांची चिप डागण्याचा हात बसवा, नवी पद्धत शिका, यातच दोन महिने गेले तर वाचलेले कुठे राहिले? दोन हजार नग बनवणार असाल तर मात्र बचत ३ लाख ६० हजारांची होते, आणि तेव्हा ती न घेणे वेडेपणा. याहून स्वस्त, तीन सेंटांच्या आसपासची पॅडॉकची चिप आहे, पण तिच्या सर्वांत स्वस्त प्रकारात प्रोग्राम एकदाच भरता येतो. चूक झाली की चिप कचऱ्यात. लाखाच्या संख्येत खेळणी बनवणाऱ्याचे ते काम.

३२८पी ची माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी खुबी दराच्या पलीकडची आहे. तिचा अठ्ठावीस पायांचा, सॉकेटमध्ये बसणारा प्रकार मिळतो. आडगावच्या शेतातला बोर्ड बिघडला तर तिथला मेकॅनिक जुनी चिप काढून नवी दाबून बसवील. डाग लावायचे काम नाही, बोर्ड शहरात पाठवायचे काम नाही.

शेताच्या डब्यात मात्र खरी परीक्षा असते. मे महिन्यात पत्र्याचा डबा किती तापतो हे सांगायला नको, म्हणून ८५ अंशांपर्यंत चालणारा औद्योगिक प्रकारच घ्यावा. कॉन्टॅक्टरची कॉइल सुटताना जो विजेचा झटका मारते त्याने चिप गोंधळते. कॉइलवर स्नबर, रिले आणि चिप यांच्यामध्ये ऑप्टोकपलर, आणि चिपमधला वॉचडॉग चालू, हे तिन्ही हवेतच. प्रोग्राम अडकला तर वॉचडॉग चिपला पुन्हा सुरू करतो. व्होल्टेज उतरल्यावर चिपने चुकीचे काम करू नये यासाठी ब्राउनआउटची मर्यादा ४.३ व्होल्टवर लावावी. पुष्कळांचे यंत्र टेबलावर महिनाभर चालते आणि शेतात दोन दिवसांत मान टाकते, त्याचे कारण यांपैकी एखादी गोष्ट राहून गेलेली असते. आणि ४१५ व्होल्टची जोडणी परवानाधारक वायरमनच्या हातूनच व्हावी. यात हयगय म्हणजे जिवाशी खेळ.

खरेदी नांदेडला, हैदराबादच्या कोठी भागात, पुण्यात पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर करता येते. कुठूनही घ्या, आधी दोन नग आणून तपासा, मग पन्नास. थान उचलण्याआधी नमुना धुऊन पाहतो, तसेच. नकली मालाचा त्रास कसा होतो, याचे एक प्रसिद्ध उदाहरण २०१४ चे आहे. एफटीडीआय कंपनीच्या यूएसबी चिपच्या नकला सर्वत्र झाल्या होत्या. कंपनीने संगणकासाठी असा ड्रायव्हर सोडला की नकली चिप असलेले बोर्ड एकाएकी ओळख देईनासे झाले. घेणाऱ्याला तोवर आपल्याकडे नकली चिप आहे याची कल्पनाही नव्हती.

हे सगळे इंजिनिअरांचे काम, आपल्या मुलांना कसे जमणार, असा प्रश्न हमखास येतो. त्याचे उत्तर पुणे जिल्ह्यातल्या पाबळ या गावी मिळते. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न रमलेल्या मुलांना हाताने काम करत शिकवणे ही तिथली रीत. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाच्या नील गर्शेनफेल्ड यांनी फॅब लॅब ही कल्पना मांडली आणि २००२ मध्ये अमेरिकेबाहेरील पहिल्यांपैकी एक फॅब लॅब या खेड्यात उभी राहिली. फॅब लॅबच्या शिक्षणात वर्षानुवर्षे एव्हीआरच्या एटीटाइनी४४, एटीटाइनी४५ यांसारख्या छोट्या चिप आणि खुला कंपायलर वापरला गेला. आपल्या कारखान्यांतील उस्ताद-शागीर्दाची पद्धत यापेक्षा फार वेगळी नाही, फक्त हातोडीसोबत संगणक आला.

भाषेची भीतीही अनाठायी आहे. मी स्वतः उर्दू माध्यमात शिकलो, इंग्रजीशी दोस्ती उशिरा झाली. पण १९८९ च्या प्रमाणित सी भाषेत राखीव शब्द किती, तर ३२. कापडाच्या दुकानातला नवा पोऱ्या पहिल्या आठवड्यात याहून जास्त कापडांची नावे पाठ करतो. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात आर्डुइनोचे धडे फुकट आहेत, आणि या प्रकल्पाचे कित्येक धडे मराठीसह अनेक भारतीय भाषांत ऐकता येतात. औंढा नागनाथजवळ लिगो-इंडियाची प्रयोगशाळा होत आहे, केंद्राने २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तिथे काम मिळेल या आशेवर बसून राहण्यापेक्षा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात हात चालवणाऱ्या मुलाने आजच एक उनो बोर्ड घ्यावा. असो.

शिकताना पहिल्या आठवड्यात दिवा लावावा-विझवावा, दुसऱ्यात रिलेवर बल्ब चालवावा, नंतर बॅटरीचा व्होल्टेज मोजून पडद्यावर दाखवावा. मोटारीच्या जवळ त्यानंतरच जावे. सुटी चिप भरायला यूएसबीएएसपी हा खुल्या नकाशाचा स्वस्त प्रोग्रामर पुरतो. तोही नसेल तर उनो बोर्डच दुसऱ्या चिपचा प्रोग्रामर होतो.

विकताना परवान्याकडे दुर्लक्ष नको. जीसीसीने बनवलेला आपला प्रोग्राम आपलाच राहतो, तो जगजाहीर करण्याची सक्ती नाही. मात्र त्यात कोणाची जीपीएल परवान्याची लायब्ररी जोडली असेल तर माल घेणाऱ्याला मूळ मजकूर देणे बंधनकारक आहे. आर्डुइनोचा गाभा एलजीपीएलखाली येतो, त्याच्या अटी थोड्या सैल आहेत, तरी त्या वाचून घ्याव्यात. ज्याने फुकट दिले त्याने अट घातली आहे, ती पाळणे ही अमानत आहे.

प्रत्येक यंत्रासोबत एक काम न चुकता करावे. सर्किटचा नकाशा, चिपचे नाव, प्रोग्रामच्या आवृत्तीचा क्रमांक आणि तारीख कागदावर छापून डब्याच्या झाकणाला आतून चिकटवावी. प्रोग्रामच्या दोन प्रती ठेवाव्यात, एक संगणकात आणि एक वेगळ्या पेनड्राइव्हवर, आणि कोणत्या गिऱ्हाइकाला कोणती आवृत्ती गेली ते वहीत लिहून ठेवावे.